खुर्चीची खालची बाजू

खिळेबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी बसत नसत. खुर्ची उचलायच्या, उलटी करायच्या, खालून नीट बघायच्या, मग सरळ ठेवून तिच्यावर बसायच्या. घरातलं माणूस पाण्याचा पेला घेऊन बाहेर येईपर्यंत त्या घराविषयीचं त्यांचं मत पक्कं झालेलं असे.

खिळेबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. जुन्या सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवं कापड नाहीतर चामडं चढवून द्यायचं त्यांचं दुकान. काम करताना मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकाने तो उचलायचा आणि ठोकायचा, ही त्यांच्या वडिलांची पद्धत. हल्ली पिना मारायची बंदूक मिळते आणि तिने काम निम्म्या वेळात होतं. खिळेबाईंनी ती एकदा हातात घेऊन पाहिली आणि दुकानदाराला परत केली. "ही घेऊन मी बोलणार कधी आणि गप्प बसणार कधी?" असं त्यांनी विचारलं. तोंडात खिळे असले की त्या 'हं' आणि 'अंहं' एवढंच बोलत. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येताना दिसलं की त्या घाईने मूठ तोंडात रिकामी करत.

खुर्ची उलटी करून बघणं हेही वडिलांचंच. वरून सगळेच चांगलं लावतात, कारण वर पाहुणे बसतात. पण जी पाठ भिंतीला टेकते आणि जो तळ फक्त मांजराला दिसतो, तिथे माणूस काय लावायला सांगतो यावरून त्याची नियत कळते. तिथे फाटकं अस्तर लावून घेणारा माणूस व्यवहारातही तेच करणार. वडिलांनी एवढं एकच अर्थशास्त्र शिकवलं होतं आणि खिळेबाईंना ते जन्मभर पुरलं. मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हाही त्यांनी मुलाच्या घरची खुर्ची उलटी केली होती. पट्ट्या ताठ, अस्तर स्वच्छ, एक खिळा वाकडा नाही. "माणसं सरळ आहेत," त्यांनी रस्त्यातच निकाल दिला. जावई खरोखरच सरळ निघाला. पुढे खिळेबाईंना त्याचा बराच त्रास झाला.

दुकान भाड्याचं होतं, वडिलांच्या काळापासून. घरमालक म्हातारा झाला होता आणि त्याला ते विकून मोकळं व्हायचं होतं. पहिला हक्क तुमचा, असं त्याने सांगितलं होतं. फक्त पुढचं वर्ष संपायच्या आत व्यवहार पुरा करा. नवऱ्याचे निवृत्तीचे पैसे आणि खिळेबाईंनी वर्षानुवर्षं बाजूला टाकलेले पैसे मिळून रक्कम जमली होती. ती बँकेत पडून होती. पडून असणं हा पैशाचा गुण आहे असं नवऱ्याला वाटे. तो आयुष्यभर घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचत आला होता. जे आहे ते वाचायचं, त्यात बदल करायला जायचं नाही, हा त्याचा स्वभावच झाला होता.

अशात त्या कंपनीचं काम आलं.

कंपनी मोठमोठ्या इमारती बांधायची, त्यांत संगणक ठासून भरायची आणि ते इतर कंपन्यांना भाड्याने द्यायची. वर्तमानपत्रांत तिच्या मालकाचा फोटो येई. फोटोत तो हसत नसे, कारण तो भविष्याकडे बघत असे. तिच्या नव्या कार्यालयातल्या खुर्च्या खिळेबाईंकडे आल्या आणि सोबत आले खरेदीचे साहेब, गुळगुळीत बूट आणि मऊ आवाज असलेले.

"पाठीला रेक्झिन लावू ना?" खिळेबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. "पाठ भिंतीलाच असणार. खर्च निम्म्यावर येईल."

"नको. पाठीलाही चामडंच."

"आणि तळाला?"

"तळाला तुमच्याकडे सगळ्यात चांगलं काय आहे?"

खिळेबाईंनी हातातली हातोडी खाली ठेवली. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. वडिलांनाही विचारला नसावा. त्यांनी जाड विणीचं सुती कापड दाखवलं. साहेबांनी त्याकडे नीट न बघताच मान डोलावली. काम झालं, पैसे त्याच आठवड्यात आले, एक पैसाही कापला नाही.

"अहो," त्या रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला म्हणाल्या, "तळाला सुती लावून घेणारी कंपनी. ती कुणाला फसवेल?"

"अं," नवरा म्हणाला. हा होकार आहे की नाही हे ठरवायची पद्धत त्या घरात नव्हती.

दुकानाच्या पैशातली मोठी अर्धी रक्कम खिळेबाईंनी त्या कंपनीच्या शेअरांत घातली. शेअर चढले. समोरच्या चष्मेवाल्याला त्यांनी स्वतः हाक मारून सांगितलं, त्यानेही थोडे घेतले. काही महिने खिळेबाईंशी बोलणं अवघड झालं होतं. गिऱ्हाइकाने मजुरी कमी करायला सांगितली की त्या म्हणत, "मला काही गरज नाही हो, मी हौस म्हणून ठोकते."

जावई बँकेत कर्जखात्यात होता. कुणाला कर्ज द्यायचं नाही हे ठरवणं हे त्याचं काम, आणि तो ते मन लावून करी. रविवारी सगळे जेवायला बसले असताना त्याने विषय काढला.

"आई, त्या कंपनीवर कर्ज किती आहे पाहिलंत का?"

"कर्ज कुणावर नसतं जावईबापू? तुमच्या फ्लॅटवर नाही?"

"आहे ना. पण माझा फ्लॅट चार-पाच वर्षांत जुना होऊन भंगारात जात नाही. यांची यंत्रं जातात. कर्ज मात्र तिथेच राहतं. यंत्र मरतं आणि त्याचे हप्ते जिवंत राहतात."

"मग नवी घेतील."

"कशातून?"

"कर्ज काढून," नवरा म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याने घाईने आणखी भात वाढून घेतला.

"बाबांना कळलं," जावई म्हणाला. "यांची कमाई आहे, नाही असं नाही. पण तिच्यातला मोठा वाटा व्याजातच जातो. एक मोठं गिऱ्हाईक गेलं, नाहीतर व्याज थोडं वाढलं, की हातातोंडाची गाठ पडायची नाही. आणि समजा कंपनी बसली, तर जे उरेल ते आधी सावकारांचं. शेअरवाले सगळ्यांच्या मागे. रांगेत तुमचा नंबर येईपर्यंत खिडकी बंद झालेली असते."

"मी कधी रांगेत मागे उभी राहिलेय?"

"आई रांगेतच उभी राहत नाही," मुलगी म्हणाली.

"तू गप. आणि जावईबापू, तुम्ही कागद वाचता, मी खुर्च्या वाचते. मी एकदाच चुकले असेन, ते तुमच्या खुर्चीच्या बाबतीत. तिच्यावरून कळलंच नाही की माणूस दर रविवारी जेवताना बोलेल."

जावई हसला. पण जाताना चपला घालता घालता म्हणाला, "उरलेल्या पैशांना तरी हात लावू नका. दुकान जाईल, आई."

"दुकान कुठे जात नाही. त्याला पाय नाहीत," खिळेबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर व्याजाचे दर वाढले. मग एका मोठ्या गिऱ्हाइकाने आपलं काम उचलून दुसऱ्या कंपनीकडे नेलं. जावयाने जेवता जेवता सांगितलं होतं त्याच क्रमाने सगळं झालं, याचाच खिळेबाईंना जास्त राग आला. शेअर घसरायला लागला. आधी जिना उतरल्यासारखा, मग जिन्यावरून पडल्यासारखा. चष्मेवाल्याने आपले शेअर चढतीतच विकले होते. "मावशी, तुमच्या कृपेने चार पैसे सुटले," असं तो रोज सकाळी शटर वर करताना सांगे. त्याला ते कौतुक वाटत असावं.

विका, असं सगळे म्हणाले. खिळेबाई विकेनात. "चूक माझी आहे," त्या म्हणायच्या, "तिच्यावर दुसऱ्या कुणी हक्क सांगू नये." मुलीने रडून पाहिलं.  मग कंपनीचं पत्र आलं. ज्यांच्याकडे आधीच शेअर आहेत त्यांना नवे शेअर निम्म्या भावात मिळणार होते. पत्रात 'संधी' हा शब्द अनेकदा होता. घरमालकाची मुदत संपायला आता फारसे दिवस उरले नव्हते. बँकेतली उरलेली रक्कम नव्या शेअरांत घालावी, भाव वर आला की सगळं एकदम सोडवून घ्यावं आणि रविवारी जावयाला अगदी शांतपणे आणखी भात वाढावा, असं खिळेबाईंनी मनाशी जवळजवळ ठरवलं होतं.

त्याच आठवड्यात एके दुपारी खरेदीचे साहेब दुकानात आले. सोबत हमालाच्या डोक्यावर एक खुर्ची होती. खिळेबाईंचीच.

"मॅडम, सगळ्या खुर्च्या निळ्या करायच्यात. हा रंग." त्यांनी चामड्याचा एक तुकडा पुढे केला.

खिळेबाईंच्या तोंडात खिळे होते. त्यांनी खुर्ची फिरवली, पाठीवर हात फिरवला, सवयीने उलटी केली. सुती कापड जसंच्या तसं होतं. बैठकीवर कुणी बसल्याची खूणही नव्हती. त्यांनी मान वर करून साहेबांकडे नुसतं बघितलं.

"नाही, हिला काही झालेलं नाही," साहेब म्हणाले. "नवे सावकार पाहणीला येतायत. जुन्या कर्जाची फेड करायला नवं कर्ज घेतोय ना आपण. त्यांच्या बँकेचा रंग निळा आहे. आल्या आल्या घरच्यासारखं वाटलं पाहिजे."

"अंहं?" खिळेबाई म्हणाल्या आणि जुन्या चामड्याकडे बोट दाखवलं.

"ते? टाकून द्या. पाठीचंही काढा, तळाचंही. सगळं नवं. मॅडम, खर्चाचा विचार तुम्ही करूच नका." साहेब मोकळेपणाने हसले. "पैसे आपले थोडेच आहेत!"

खिळेबाईंनी एकेक करून खिळे तोंडातून काढले आणि डब्यात टाकले. याला वेळ लागला. तोवर साहेबांचं हसणं आपोआप थांबलं.

"मग कुणाचे आहेत?"

"म्हणजे असतात ना. सावकारांचे असतात, शेअरवाल्यांचे असतात..."

"मी शेअरवाली आहे."

"अरे वा!" साहेबांना खरोखर आनंद झाला. "मग पत्र आलंच असेल तुम्हाला. घेऊन टाका, मॅडम. निम्म्या भावात परत मिळायचे नाहीत."

"त्या पैशाचं काय करणार तुम्ही?"

"व्याज थकलंय ते भरणार. आणि थोडीफार डागडुजी." त्यांनी खुर्चीवर थाप मारली.

"म्हणजे मी माझ्या दुकानाचे पैसे तुम्हाला द्यायचे. त्यातून तुम्ही मला चांगलं चामडं फाडायची मजुरी द्यायची."

"लगेच नाही देता येणार या वेळी," साहेब जरा आवाज उतरवून म्हणाले. "नवं कर्ज हातात आलं की पहिला चेक तुमचा. तोपर्यंत चामडं तेवढं तुम्ही तुमच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर उचला. तुमचं नाव आहे बाजारात."

खिळेबाई त्या खुर्चीकडे बघत राहिल्या. वडिलांचा नियम स्वतःच्या खिशातून खर्च करणाऱ्यांसाठी होता. ज्याच्या खिशातून जातं तो पाठीला हात आखडता घेतो. ज्याच्या खिशातून काही जातच नाही, त्याला पाठ काय आणि बैठक काय. परक्याच्या पैशाने तळाला सुती लावणाऱ्या माणसाची वडिलांशी कधी गाठच पडली नव्हती. त्यांचं सगळं आयुष्य गरीब आणि चिक्कू गिऱ्हाइकांत गेलं होतं.

"ही उचला," खिळेबाई म्हणाल्या.

"अं?"

"खुर्ची उचला. चांगल्या चामड्याला मी हात लावणार नाही. उधारीवर तर नाहीच नाही. आणि ते पत्रही घेऊन जा, इथेच कुठेतरी आहे."

"मॅडम, एवढं मोठं काम आहे. मला काय, मी दुसरीकडे देईन."

"द्या की. माझी कुठे मनाई आहे?"

हमालाने खुर्ची परत डोक्यावर घेतली. ते काम पुढे दोन गल्ल्या सोडून असलेल्या एका कारागिराने केलं. खुर्च्या सुरेख निळ्या झाल्या म्हणतात. त्याच्या पैशांचं काय झालं ते त्याने अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिळेबाईंनी शेअर विकायला काढले. नवऱ्याने चष्मा लावून फोन हातात घेतला आणि मीटर वाचावा तसं पडद्यावरचं वाचून दाखवलं. शेवटी फोनने विचारलं, तुमची खात्री आहे का?

"काय सांगू?" नवऱ्याने विचारलं.

"सांगा, नाहीये. पण विक म्हणावं."

नवऱ्याने बटण दाबलं. घातलेल्या पैशांतला जेमतेम तिसरा हिस्सा परत आला. खिळेबाईंनी रक्कम पाहिली, "बरं," म्हणाल्या आणि कणीक मळायला घेतली. ती त्या दिवशी जरुरीपेक्षा जास्त मळली गेली.

आणि शेअर चढला. नवे सावकार तयार झाल्याची बातमी आली आणि पंधरवडाभर तो चढतच राहिला. ज्यांनी विका म्हणून कानीकपाळी ओरडा केला होता त्यांनी आता थांबायला हवं होतं म्हणून ओरडा केला. "मावशी, जरा दम धरला असतात तर!" चष्मेवाला हळहळला. "तुला जवळचं दिसत नाही की लांबचं, ते एकदा तपासून घे," खिळेबाई म्हणाल्या. जावयाचा फोन आला.

"आई, बरोबर केलंत तुम्ही."

"मी काय केलं ते मला माहीत आहे. तुमच्या शाबासकीसाठी नाही केलं."

"भाव खाली येईल परत."

"येवो, नाहीतर चंद्रावर जावो. मी त्या घरातून उठलेय."

काही महिन्यांनी भाव खाली आला, आणि मग इतका खाली, की एके दिवशी त्याचा व्यवहारच बंद झाला. सावकारांनी इमारती ताब्यात घेतल्या. शेअरवाल्यांसाठी खिडकी उघडलीच नाही. पण त्याच्या बऱ्याच आधी खिळेबाईंपुढे दुसरा प्रश्न येऊन ठेपला होता. घरमालकाची मुदत भरली होती आणि दुकानाच्या किमतीला बरेच पैसे कमी पडत होते.

जावई स्वतः दुकानात आला. कागद बरोबर घेऊन. "मी बोललोय बँकेत. कमी पडतायत तेवढं कर्ज सहज होईल. तुमचं काम चालू आहे, हप्ता जड नाही जाणार. हे धोक्याचं कर्ज नाही, आई. मी उगाच सांगणार नाही."

तो खरंच उगाच सांगत नव्हता. हे कर्ज सुरक्षित होतं, आणि तसं म्हणणाऱ्या माणसाने आजवर एकदाही चुकीचं सांगितलं नव्हतं. खिळेबाईंनी कागद वाचले. मग घडी घालून त्याच्या हातात दिले.

"कर्जबाजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसून पाहिलं मी. आता स्वतः त्याच्या जागी बसून बघू म्हणता?"

"तसं नाहीये हे. दुकान हातचं जाईल."

"जाईल तर निम्मं जाईल."

त्या तशाच उठल्या आणि घरमालकाकडे गेल्या. माझ्याकडे आहेत एवढ्या पैशांत पुढचं निम्मं दुकान मला द्या, मागचं कुणालाही विका, असं त्यांनी सांगितलं.

"अहो बाई, दुकान म्हणजे काय कापड आहे, मधून फाडून द्यायला?" घरमालक म्हणाला.

"फाडायचं काम माझ्याकडे द्या. मला सवय आहे."

म्हातारा बराच वेळ हसला. हसणं संपल्यावर त्याला दिसलं की या हसत नाहीयेत. मग तो हिशोबाला बसला. मागचं निम्मं चष्मेवाल्याने माल ठेवायला घेतलं. शेअरांत सुटलेले चार पैसे त्याला उपयोगी पडले. मध्ये भिंत आली. वडील ज्या खिडकीखाली बसून काम करायचे ती भिंतीच्या पलीकडे गेली. खिळेबाईंनी गवंड्याला भिंत सरळ बांधायला सांगितली आणि तो बांधत असताना तिकडे पाठ करून एका स्टुलाला पट्ट्या आवळत बसल्या.

खरेदीचा कागद झाला तेव्हा त्यावर दुसऱ्या कुणाचाही बोजा नव्हता. एका टोकाला उभं राहून हात लांब केला की दुसऱ्या टोकाचा खण गाठता येईल एवढं ते दुकान होतं, आणि सगळंच्या सगळं त्यांचं होतं.

खुर्च्या त्यात मावतात. तीन माणसांचा सोफा मावत नाही. तो उभा करून काम होत नाही, आडवा ठेवला की निम्मा दाराबाहेर येतो. सोफ्यांची कामं घेऊ नका, असं मुलीने सांगितलं. सोफ्यांत पैसे जास्त असतात, असं खिळेबाईंनी सांगितलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक लांबलचक सोफा घेतला. त्या रविवारी दुपारी जावई त्यांना जेवायला बोलवायला आला, तेव्हा सोफ्याचा एक हात पार रस्त्यात आला होता आणि दोन सायकलवाले त्याच्यापुढे थांबून आत वाकून बघत होते.

"मावशी, रस्ता अडवलाय तुम्ही," त्यातला एक म्हणाला.

"रुंद आहे रस्ता. वळसा घाला."

"आई," जावई हळूच म्हणाला, "दुकान अर्धं आहे. जरा लहान कामं..."

"दुकान अर्धं आहे. मी आहे का?"

 आणखी एक सायकल आली, मग भाजीची हातगाडी आली. खिळेबाईंनी मूठभर खिळे तोंडात टाकले आणि सोफ्याची पाठ आवळायला घेतली, त्यामुळे आता कुणालाच त्यांच्याकडून बोलणं मिळणार नव्हतं. जावयाने इकडेतिकडे पाहिलं. मग शर्टाच्या बाह्या वर केल्या, सोफ्याच्या हाताशी रस्त्यात जाऊन उभा राहिला आणि बँकेत कुणाला परत पाठवताना वापरायचा त्याच नम्र आवाजात येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगू लागला, "बाजूने जा, बाजूने. आतलं काम व्हायला वेळ लागेल."